सात तोंडांचा किराणा

आमच्या घरात सात माणसे आहेत आणि त्यांतली पाच अजून शाळेच्या खालच्या वर्गांत किंवा त्याहूनही लहान आहेत. थोरली दहा वर्षांची, तिच्या पाठचा आठ वर्षांचा, मग पाच वर्षांच्या जुळ्या मुली आणि शेंडेफळ नुकतेच दोन वर्षांचे झाले आहे. आठवड्याचा किराणा आणि भाजी आणण्याचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे आणि ते मी बहुतेक वेळा पाचही मुलांना बरोबर घेऊन करतो. कारण ती एक सकाळ म्हणजे माझ्या पत्नीला आठवड्याभरात मिळणारा एकमेव शांत वेळ असतो आणि त्यावर घाला घालण्याचे धाडस माझ्यात नाही. दुकानात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "सगळी तुमचीच का?" आणि दुसरा, "यांची आई कुठे आहे?" पहिल्याला मी "हो" म्हणतो. दुसऱ्याला "घरी झोपली आहे" असे खरे उत्तर देतो, ते विचारणाऱ्याला फारसे आवडत नाही असा माझा अनुभव आहे.

बघणाऱ्यांना वाटते की यातला अवघड भाग म्हणजे मुलांचा गोंधळ. गोंधळ असतोच, पण त्याला कान सरावतात. मला आजवर ज्याने खरोखर घाम फोडला तो प्रकार मापांचा आहे. दुकानातली पाकिटे, बाटल्या, पुडे हे सगळे तीन-चार माणसांचे घर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असते आणि सात माणसांचा हिशेब त्याच्या सरळ दुप्पट करून सुटत नाही. दुधाचेच पाहा. आम्हाला दिवसाला अडीच लिटर लागते, म्हणजे आठवड्याला १७.५ लिटर, आणि त्याचे नुसते वजनच अठरा किलो भरते. एवढे दूध एका खेपेत आणले तर फ्रिजमध्ये दुसरे काही मावत नाही आणि ताजे दूध सात दिवस टिकेल याची खात्रीही नसते. म्हणून मुख्य खरेदीच्या दिवशी निम्मे आणायचे आणि उरलेल्यासाठी आठवड्याच्या मधोमध एक छोटी फेरी मारायची, हे आम्ही बरेच दूध ओतून दिल्यावर शिकलो.

केळ्यांनी मला सर्वांत जास्त शिकवले. माणशी रोज एक धरले तर आठवड्याला एकोणपन्नास केळी, म्हणजे चार डझन आणि वर एक. सुरुवातीला मी छान पिवळीधमक पाहून सगळी एकदम घेत असे. पहिले तीन दिवस घरात आनंदीआनंद असे, चौथ्या दिवशी सालींवर ठिपके येत आणि पाचव्या दिवशी उरलेली पंचवीस केळी एकाच वेळी काळी पडून सगळ्या स्वयंपाकघरात त्यांचा वास भरून राही. आता मी तीन प्रकारची घेतो: एक फणी आजच खाण्याजोगी, दुसरी देठाकडे थोडी हिरवी असलेली आणि तिसरी पुरती हिरवी, जिच्याकडे चार दिवस कोणी बघणारही नाही. शिवाय ती हिरवी फणी सफरचंदांपासून लांब ठेवायची, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि तो शेजारच्या फळांनाही पिकण्याची घाई करायला लावतो. एका सफरचंदाच्या संगतीने अख्खी फणी वेळेआधी पिकते, हे मुलांना दाखवण्यासाठी आम्ही मुद्दाम एकदा करून पाहिले. त्यानंतर आठवडाभर जुळ्यांपैकी एक दुसरीला "तू माझ्याजवळ बसू नकोस, मी पिकेन" असे सांगत होती.

माणसांप्रमाणे भूकही सारखी नसते. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,००० कॅलरी पुरतात आणि दहा वर्षांच्या मुलीला १,६०० ते १,८०० लागतात, असे कागदावर म्हणता येते. पण कागद एखाद्याची उंची झपाट्याने वाढण्याचे महिने धरून चालत नाही. मधल्या मुलाने मागच्या पावसाळ्यात एकाएकी दुप्पट खायला सुरुवात केली आणि माझी जुनी यादी दर आठवड्याला पाचव्या दिवशी संपू लागली. आधी मला वाटले की कोणीतरी चोरून खात आहे. पँट आखूड झाल्यावर उलगडा झाला.

यादीचे आमचे एकच तत्त्व आहे. वस्तू संपल्यावर ती यादीत येत नाही, शेवटचे पाकीट फोडताना येते; आणि ज्याने फोडले त्यानेच ते फ्रिजच्या दारावरच्या कागदावर लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचे. त्यामुळे आमच्या यादीत साबणाच्या शेजारी एक मोठे वर्तुळ असते आणि ते अंडे आहे, बटाटा आहे की चेंडू, याचा निवाडा दुकानाच्या दारात करावा लागतो. निघण्यापूर्वी थोरली ती यादी दुसऱ्या कागदावर उतरवते आणि उतरवताना दुकानातल्या रांगांच्या क्रमाने लावते. सात जणांच्या यादीत साठ-पासष्ट वस्तू सहज होतात. त्या सुचतील त्या क्रमाने लिहिल्या तर त्याच रांगेत तीनदा जावे लागते आणि प्रत्येक फेरीत पाच जणांना नव्याने काहीतरी दिसते. खर्च वाढतो तो या जादा फेऱ्यांमुळे. घरून सगळ्यांना पोटभर खाऊ घालून निघण्यामागेही हेच कारण आहे. भुकेल्या मुलाला समजावणे एक वेळ जमेल, पण भुकेल्या बापाला बिस्किटांच्या रांगेतून सरळ नेणे कठीण. निघायची वेळ शेंडेफळाच्या झोपेवरून ठरते. त्याला अकराच्या सुमाराला पेंग येते, म्हणून साडेअकरापूर्वी आम्ही घरी असायलाच हवे. या नियमाला अपवाद करण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ट्रॉलीचा. चाके लावलेली ही गाडी १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी या शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने आणली. घडीच्या खुर्चीवरून त्याला ती सुचली. पण गिऱ्हाइके तिला हात लावीनात, तेव्हा त्याने चक्क पगार देऊन काही माणसे ट्रॉल्या ढकलत दुकानभर फिरायला ठेवली. मी त्या दुकानात त्या वेळी असतो तर त्या माणसांची गरज पडली नसती. आम्हाला दोन ट्रॉल्या लागतात. एक मी ढकलतो, दुसरी थोरली आणि मधला मिळून. जड सामान तळाशी, अंडी आणि मऊ फळे सर्वांत वर, आणि धाकटा माझ्या ट्रॉलीतल्या बैठकीत पट्टा लावून. पट्ट्याबाबत मी कडक आहे. ट्रॉलीमुळे लहान मुलांना होणाऱ्या इजांमध्ये वरून खाली पडणे हा सर्वांत मोठा प्रकार आहे, आणि ती उंची मोठ्यांना किरकोळ वाटली तरी मूल डोक्यावर पडते. जुळ्यांपैकी एक माझ्या ट्रॉलीच्या बाजूची दांडी धरून चालते, दुसरी थोरलीच्या. ट्रॉलीत उभे राहणे किंवा बाहेरून लटकणे याला आमच्याकडे माफी नाही.

प्रत्येक रांगेच्या शेवटी मी डोकी मोजतो. तोंडाने, मोठ्याने, पाचपर्यंत. धाकटा सात-आठ महिन्यांचा होता तेव्हा मी एकदा चार मोजली. पुन्हा मोजली, चारच. छातीत धस्स झाले. थोरलीला इतरांपाशी थांबवून मी मागच्या दोन रांगा पळत पालथ्या घातल्या, पिठाच्या पोत्यांमागे वाकून पाहिले आणि एका कर्मचाऱ्याला "एक मूल हरवले आहे" असे सांगितले. कसे दिसते, असे त्याने विचारले. मी वर्णन करू लागलो, तेव्हा तो माझ्या खांद्यावरून मागे बघत शांतपणे म्हणाला, "हेच का?" शेंडेफळ माझ्या पाठीवरच्या झोळीत गाढ झोपले होते. नदी ओलांडून आलेले दहा जण स्वतःला सोडून नऊच मोजतात आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतात, ती गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा त्या दहा जणांना मूर्ख समजून हसलो होतो. आता हसत नाही.

काम वाटून द्यायला मी त्यानंतरच सुरुवात केली. "हात लावू नका" असे पाच जणांना एक तास सांगत राहण्यापेक्षा प्रत्येकाला हात लावण्याची एकेक अधिकृत जागा द्यावी, हे मला तोवर सुचले नव्हते. धाकट्या जुळीकडे अंडी आहेत. ती खोके ट्रॉलीच्या कडेवर ठेवून उघडते, जीभ दातांत धरते आणि एका बोटाने प्रत्येक अंडे जागच्या जागी किंचित फिरवते. अंडे फिरले तर ठीक. फिरले नाही तर ते खालून तडकून चिकटलेले असते, वरून कितीही धड दिसो. ही युक्ती मी तिला शिकवली तेव्हा तिला कंटाळा येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात तिने एकदा शेजारी उभ्या असलेल्या आजोबांचे खोकेही तपासून दिले आणि त्यांत एक चिकटलेले निघाले. मोठ्या जुळीकडे बटाटे आहेत. हिरवट छटा आलेला आणि मोड फुटलेला बटाटा घ्यायचा नाही, कारण उजेडात राहिलेल्या बटाट्यात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढते आणि हिरवा रंग ही त्याची खूण असते. "विषारी" हा शब्द ऐकल्यापासून ती प्रत्येक बटाटा दिव्याकडे धरून बघते. पाच किलो बटाट्यांना त्यामुळे बराच वेळ लागतो. लागू दे.

थोरलीकडे तारखा. दुकानात जुना माल पुढे आणि नवा मागे लावलेला असतो, ही गोष्ट तिला स्वतःलाच कळली आणि तेव्हापासून ती खांद्यापर्यंत हात घालून मागचा डबा काढते. मी तिला एकच फरक समजावून सांगितला आहे: "या तारखेपर्यंत वापरा" असे लिहिलेले असेल तर ती सुरक्षिततेची तारीख असते आणि ती ओलांडायची नाही, "या तारखेपूर्वी उत्तम" असे असेल तर ती चव आणि दर्जाची असते. आमच्या घरात मात्र तारखेची भीती तशी कमीच. उद्या मुदत संपणारे दही निम्म्या किमतीत मिळत असेल तर सात माणसे ते आज दुपारी संपवतात. मोठ्या कुटुंबाला मिळणाऱ्या सवलती थोड्याच असतात, त्यांतली ही एक.

मधल्याकडे भाव. हे काम त्याला शाळेतल्या भागाकाराच्या सरावासाठी म्हणून दिले होते आणि त्याने माझी अनेक वर्षांची समजूत मोडीत काढली. मोठे पाकीट घेतले की स्वस्त पडते असे मी धरून चालत होतो; माणसे सात, तेव्हा "फॅमिली पॅक" दिसला की न बघता उचलायचा. एके दिवशी तो कॉर्नफ्लेक्ससारख्या एका पदार्थाच्या फळीसमोर कागद-पेन्सिल घेऊन जमिनीवर मांडी घालून बसला. मी पुढे निघालो तरी उठेना. मग म्हणाला, "बाबा, मोठा महाग आहे." मी म्हणालो की मोठा महाग असणारच. "तसे नाही. शंभर ग्रॅमला महाग आहे." मी स्वतः हिशेब केला, दोनदा केला. त्याचे बरोबर होते. त्याच पदार्थाची दोन छोटी पाकिटे घेतली तर मोठ्यापेक्षा जास्त माल कमी पैशांत मिळत होता. काही दुकानांत किमतीच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरांत किलोमागचा किंवा लिटरमागचा भाव छापलेला असतो. तो वाचायची सवय मला आठ वर्षांच्या मुलाने लावली. पुढे त्यानेच आणखी एक गोष्ट पकडली. घरातल्या जुन्या बरणीवर ५०० ग्रॅम होते आणि नव्यावर ४५०, बरणीची उंची तीच, किंमतही तीच. तळाला आतून फुगवटा दिलेला होता. त्याने ती बरणी सगळ्यांना उलटी करून दाखवली आणि मला जरा लाजल्यासारखे झाले, कारण ती मी तीन महिने आणत होतो.

एकाच यादीत पाच वयांची मुले असली की काही जिन्नस घरात येताना सोबत नियम घेऊन येतात. द्राक्षे दहा वर्षांची थोरली मूठभर खाते, पण दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष नेमके बसते आणि श्वास अडकतो, म्हणून त्याला ते उभे चिरून द्यायचे. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे, अख्खे बदाम द्यायचे नाहीत. धाकटा वर्षाचा होईपर्यंत मध सर्वांत वरच्या फळीवर होता, कारण मधातल्या जिवाणूंचे बीजाणू एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. हे सगळे मला माहीत होते; प्रेमाने चमचा पुढे करणाऱ्या जुळ्यांना माहीत नव्हते. म्हणून आता असा जिन्नस ट्रॉलीत टाकतानाच त्याचा नियम मोठ्याने म्हणायचा आणि जुळ्यांनी तो परत म्हणून दाखवायचा. दुकानातली माणसे वळून बघतात.

पैसे देण्याची रांग हा शेवटचा टप्पा, आणि सगळी शिस्त मोडायची असेल तर ती इथेच मोडते. तोवर मुले दमलेली असतात, हलायला जागा नसते आणि दोन्ही बाजूंना, नेमक्या पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, गोळ्या-चॉकलेटे लावलेली असतात. ती उंची योगायोगाने ठरलेली नाही, हे कळायला तिथे एकदा गुडघ्यावर बसून पाहावे. आजची बारकोडची पद्धत दुकानात सुरू झाली तेव्हा, २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, स्कॅन केलेली पहिली वस्तू च्युइंगमचे पाकीट होती, हे वाचल्यावर मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. "नीट वागलात तर चॉकलेट देईन" हा मार्ग मी काही महिने वापरून सोडून दिला, कारण ती लाच होती आणि लाचेचा दर दर आठवड्याला वाढत होता. त्याऐवजी आता प्रत्येकाला एक निवड आहे: फळे आणि भाज्यांच्या विभागातून कोणतीही एक वस्तू स्वतःच्या हाताने निवडायची, आणि रांगेत काही मागायचे नाही. यामुळे मागण्या बंद झाल्या असे नाही. पण मागणाऱ्याला बाकीचे चौघे गप्प करतात, मला बोलावे लागत नाही.

थंड वस्तू आम्ही सर्वांत शेवटी घेतो. दूध, दही, मांस-मासे असे नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत आणि कडक उन्हाळ्यात एकच तास, असा ठोकताळा आहे. सात माणसांच्या घरात या दोन तासांतला बराच वेळ पाच जणांचे बूट, पट्टे आणि खिडकीजवळ कोणी बसायचे याच्या भांडणात जातो. घरी पोहोचल्यावर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत मुले साखळी करून उभी राहतात आणि पिशव्या हातोहात पुढे जातात. मधला पावती हातात घेऊन प्रत्येक वस्तूवर खूण करतो.

मागच्या महिन्यात त्याची पावती जुळली, तरी फरशीवर एक बटाटा जास्त निघाला. लिंबाएवढा, कसाबसा. शेंडेफळाने तो दुकानात कधीतरी मुठीत घेतला होता, गाडीत तो हातात धरूनच झोपले आणि घरी आल्यावर झोपेत हात सैल झाला तेव्हा तो गडगडत कपाटाखाली गेला. उठल्यावर त्याने पहिल्यांदा बटाटा मागितला. पुढचे सहा दिवस तो बटाटा त्याच्या उशाशी होता, त्याला टोपी होती, आणि शिजवण्याचा विषय निघाला की रडणे सुरू होई. सातव्या दिवशी आम्ही तो परत दुकानात नेला. काउंटरवरच्या बाईंना मी खरा प्रकार सांगितला. त्यांनी हसून "राहू द्या" म्हटले, पण मधल्याला ते पटेना, पावतीत नसलेली वस्तू घरात कशी राहील? शेवटी त्यांनी काटा पुढे केला. धाकटा बटाटा सोडायला तयार नव्हता, म्हणून त्याचा हात मनगटापाशी मी वर उचलून धरला आणि बाईंनी त्याची बोटे एकेक करून अलगद उघडली. साठ ग्रॅम. टोपीसकट पासष्ट, आणि टोपी वजनात धरू नये यावर थोरलीने हुज्जत घातली.